अलेप्पीच्या धक्क्यावरचा उखाणा

माझ्यापुढे चाललेल्या टाचा माझ्या नवऱ्याच्या नाहीत, हे मला बोट सुटल्यावर कळलं.

तोपर्यंत मी त्या टाचांमागून अर्धा बाजार, एक पूल आणि एक हलती फळी ओलांडून बोटीत चढले होते. टाचा ज्या बाकाशी थांबल्या त्याच बाकावर मीही बसले. वर पदर सावरत म्हणाले, "अहो, मला जरा खिडकीकडे बसू द्या."

शेजारच्या माणसाने मान वळवली. जाड मिशा, कपाळाला चंदन, काखेत छत्री आणि वय माझ्या बाबांएवढं. त्याने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि उठून मला खिडकी दिली. भला माणूस होता.

खिडकीतून धक्का मागे मागे जाताना दिसत होता. त्यावर शंभरेक माणसं उभी होती आणि झाडून सगळे पुरुष पांढऱ्या मुंडूत होते. मुंडू म्हणजे तिकडची लुंगी. त्या शंभरांत एक माझा नवरा होता. कोणता, ते मला सांगता येईना.

माझ्या लग्नाला तेव्हा अकरा दिवस झाले होते. निघताना आईने बजावलं होतं, "मान खाली घालून चल गो. तेंच्या टाचांकडे बघीत रव, म्हणजे चुकूचंस नाय." मी आईचं ऐकणारी मुलगी. वेंगुर्ल्याहून निघाल्यापासून मी एका तपकिरी बेलबॉटम पँटच्या मागून चालत होते. गोवा, कारवार, मंगळूर, तिथून आगगाडी, मग पुन्हा बस, सगळीकडे ती पँट पुढे आणि मी मागे. नवरा मला गुडघ्यापासून खाली चांगला पाठ झाला होता. त्याच्यावर काय आहे ते अजून बघून व्हायचं होतं.

आणि नेमकं त्या दिवशी सकाळी लॉजवाल्याच्या नादाने त्यांनी ती पँट खुंटीला टांगली आणि मुंडू नेसले. गरम फार होतं, हे खरं. पण बायकोला सांगायला हवं होतं की आजपासून मी गावातल्या सगळ्यांसारखा दिसणार आहे.

हनिमून हा शब्द आमच्या वाडीत चेअरमननी आणला. माझे यजमान काथ्याच्या सोसायटीत कारकून होते. अलेप्पीला काथ्या वळायचे नवे राहाट आले आहेत, ते बघून अहवाल द्या, असं सोसायटीचं ठरलं, आणि चेअरमन म्हणाले की एकटे कशाला जाता, नवी बायको आहे, बरोबर न्या, तिथे गावभर कालवे आहेत, जुन्या काळापासून होड्या चालतात, साहेब लोक मुद्दाम हनिमूनला जातात. सासूबाईंना ते काही पटलं नाही. "माड हय आसत, खाडी हय आसा, काथ्यो हय आसा," त्या म्हणाल्या, "ह्याच बघूक तितक्या लांब कित्याक जातास?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दीड दिवस प्रवास करून आम्ही पोचलो तर समोर माड, खाली पाणी आणि हवेत कुजत घातलेल्या सोडणांचा वास. नारळाची सोडणं महिनोन् महिने पाण्यात कुजवल्याशिवाय काथ्या निघत नाही. हा वास आमच्या परसात माझ्या जन्माच्या आधीपासून होता. हनिमूनला तो आमच्या आधी येऊन बसला होता. खानावळीत पिण्याचं पाणी कसलं तरी लाकूड घालून उकळलेलं, गुलाबी आलं, ते मी सोलांचं सार समजून भातावर ओतलं. यजमानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीही ओतलं.

पण मला त्या गावाचं अप्रूप वाटलं ते वेगळ्याच कारणाने. तिथे यजमानांना पाट्या वाचता येत नव्हत्या.

मला कुठल्याच गावात येत नव्हत्या. लग्न जुळवताना माझ्या मामांनी मुलगी चौथी पास आहे असं सांगितलं होतं. मी शाळेचा उंबरठा ओलांडला होता तो एकदा, आमची शेळी आत शिरली म्हणून. बघायला आले की नाव लिहून दाखवायला लागेल, म्हणून मामेबहिणीने मला 'शेवंती' एवढं रांगोळीसारखं काढायला शिकवलं. पंधरा दिवस मी चुलीपुढच्या राखेत शेवंती काढत होते. दाखवायच्या दिवशी सुरेख जमलं. आणि लग्नात यजमानांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. बायका म्हणाल्या, वाच गो, काय नाव ठेवलानी. मी लाजले. लाजणं त्या काळी फार उपयोगाचं होतं. नाव सुहासिनी ठेवलंय, हे मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हाक मारली तेव्हा समजलं. पंधरा दिवसांची मेहनत तांदळात गेली.

हसण्यासारखं आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. आमच्या पलीकडच्या वाडीत केसर म्हणून मुलगी होती. एका कानाने ऐकू येत नाही, हे लपवून तिचं लग्न केलं. महिन्याभरात नवऱ्याने तिला ट्रंकेसकट आणून सोडली, ती अजून भावाच्या ओटीवर काजू सोलत बसते. हिला तर कानच कमी होता. मला अख्खी चौथी नव्हती. रोज सकाळी उठले की मी मनात म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे.

दिवस जात होते. त्याला कारण यजमानांची एक खोड. ते दिसेल ते मोठ्याने वाचत. बसमध्ये 'गाडी चालू असताना हात बाहेर काढू नये', भिंतीवर 'येथे थुंकू नये', हॉटेलात 'आजचा पदार्थ', सगळं. मासिक उघडलं तरी म्हणत, वाऱ्याने तुझे डोळे चुरचुरतील, मी वाचतो, तू ऐक. मला वाटायचं, सातवी पास झाल्याचा हा तोरा आहे. तोरा तर तोरा, माझं भागत होतं. माझ्या हातात कागद म्हणून द्यायचे नाहीत. कारवारच्या पुढे पाट्या कानडी झाल्या तसा त्यांचा आवाज बंद झाला. इंग्रजी त्यांना सही ओळखण्यापुरतं येत होतं. आणि अलेप्पीची ती गोल गोल अक्षरं आली तेव्हा तर ते घायकुतीला आले. मी मात्र मजेत होते. लॉज कुठे, तर निळ्या कोंबड्याचं चित्र काढलेल्या दुकानावरून आत. खानावळ कुठे, तर वाकड्या पुलाच्या पायऱ्यांशी. मला जन्मभर असंच शोधायची सवय. पण हे त्यांना कसं सांगणार? ते चुकीच्या गल्लीत शिरले की मीही टाचांमागून शिरायची.

अलेप्पीतल्या तिसऱ्या दिवशी टाचांमागून चालायच्या याच सवयीने मला बोटीत आणून बसवलं.

कंडक्टर आला आणि त्याने काहीतरी विचारलं. मी "वेंगुर्ला" म्हणाले. त्याने बाकीच्यांना विचारलं, की हे कुठे आलं. बोटीत चर्चा सुरू झाली. एक म्हातारी मध्येच माझी साडी चाचपून बघून गेली. शेवटी कोणीतरी म्हणालं, "बॉम्बे?" आणि मी मान डोलावली, कारण मला कळलेला तो पहिला शब्द होता. त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. बाई बॉम्बेची आहे. म्हणजे पुढे काय करायचं, ते मात्र कोणाला कळेना.

छत्रीवाल्याने ठरवलं. त्याचं गाव आलं तेव्हा त्याने मला खूण करून उतरवून घेतलं, मागे हात दाखवून परतीची बोट इथेच येईल असं समजावलं, आणि काठावर काथ्या वळत बसलेल्या बायकांच्या ताब्यात मला दिलं. जाताना छत्रीही देत होता. मी नको म्हटलं.

त्या बायकांना मी काही सांगू शकत नव्हते. पण समोर पिंजलेल्या काथ्याचा ढीग होता आणि मला हात रिकामे ठेवून बसायची सवय नव्हती. मी मांडीवर सुंभ वळायला घेतलं, तशा त्या खो खो हसायला लागल्या. मांडीवर कोण वळतं आता, असं त्यांचं म्हणणं असावं. त्यांनी मला हाताला धरून राहाटावर नेलं. एक बाई चाक फिरवते, दोघी कमरेला काथ्या बांधून उलट चालत मागे जातात आणि हातातून दोरा सुटत जातो. तासाभरात मला ते जमलं. चाक कसलं, आस कुठे बसवलाय, दोरा कुठे अडकतो, सगळं मी बघून घेतलं. सोसायटीचं काम मी एकटीने उरकलं होतं. फक्त अहवाल लिहिणारा माणूस बेपत्ता होता. दुपारी त्यांनी मला पेज दिली, आमच्यासारखीच, उकड्या तांदळाची. ती पिताना मात्र मला रडू आलं. ते शोधत असतील. वैतागले असतील. आणि सापडले की पहिलं विचारतील, की चार ओळी लिहून कोणाला दाखवता आल्या नाहीत का, चौथी पास ना तू?

परतीच्या बोटीने मी अलेप्पीला आले तेव्हा उन्हं कलली होती. धक्का ओळखीचा होता, माणसं नव्हती. मी प्रत्येक मुंडूच्या पुढे जाऊन तोंड बघितलं. दोनतीन जणांनी हात जोडले. यजमान कुठेच नव्हते. धक्क्यावरच एक खोली होती, तिथे एक चष्मेवाला माणूस माइकवर बोटींची नावं सांगायचा आणि बाहेरच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून ती दोन्ही काठांवर ऐकू जायची. मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे देवा, आता काय करू?"

त्या माणसाने मान वर केली. "मराठी?" म्हणाला. "बस, बाई, बस. रडू नको. काय झाला?"

त्याचं नाव वर्गीस. मुंबईला परळमधल्या एका छापखान्यात त्याने आठ वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते, मराठी लग्नपत्रिका, हँडबिलं, सगळं. दुपारच्या पाळीला तो नुकताच आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. टाचांचं सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढून डोळे पुसले, पण हसला नाही.

"आत्ता बोलावतो," तो म्हणाला. "नवऱ्याचा नाव बोला."

मी मान खाली घातली.

"नाव बोला ना, बाई."

"ते," मी म्हणाले, "आमचे."

"आमचे हा नाव हाय काय?"

आता हल्लीच्या मुलींना हे सांगून पटत नाही. पण आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. अकरा दिवसांच्या नवऱ्याचं आयुष्य कमी करायला माझी जीभ उचलेना. वर्गीसला ते ठाऊक असावं. त्याने जास्त छळलं नाही. कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. "ठीक. लिहून द्या. मी वाचतो."

मी पेन्सिल हातात धरली. बाहेर एक बोट शिटी मारून गेली. दुसरी आली. वर्गीस वाट बघत होता. अखेर मला जे येत होतं ते मी कागदावर काढलं.

त्याने चष्मा लावला. "शेवंती," त्याने वाचलं. "नवऱ्याचा नाव शेवंती?"

"ते माझं. होतं."

"आता काय हाय?"

"आता दुसरं आहे."

"मग ते लिहा. नायतर त्याचा लिहा."

मी पेन्सिल खाली ठेवली. वर्गीसने माझ्याकडे बघितलं, त्या कागदाकडे बघितलं, आणि तो घडी करून बाजूला ठेवला. खिळे जुळवणारा माणूस. त्याला काय समजायचं ते समजलं असणार. तो म्हणाला, "परळला चाळीत मी खूप लग्नं जेवला. तिथे बायका कविता करून नाव बोलते. त्याला चालते ना? तसा बोल." आणि माइक माझ्याकडे वळवला.

चालत होतं. उखाण्यात घेतलेल्या नावाने कोणाचं आयुष्य कमी होत नाही. पण लग्नातला माझा उखाणा चांदीच्या वाटीचा होता. त्यात नवरा हरवल्याचं काहीच नव्हतं. मी डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला आणि समोर सासूबाई आणि सगळ्या आत्या बसल्या आहेत असं समजून बोलले,

"दोन कालव्यांचं गाव, गावभर पूल,
दिगंबररावांनी नेसला मुंडू नि मला पडली भूल."

माझाच आवाज पलीकडच्या काठावरून माझ्याकडे परत आला. एका बोटीचा कंडक्टर फळीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. मग वर्गीसने माइक ओढून घेऊन त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली आणि दोन्ही काठांवर हसू फुटलं.

पुलावरून एक माणूस पळत येताना दिसला. दोन्ही हातांनी मुंडू धरला होता आणि त्याच्यामागे एक पोलिस पळत होता. पुलाच्या चढावर मुंडूची गाठ सुटली, ती त्याने तशीच मुठीत घेतली आणि उतारावर आणखी जोरात सुटला. खोलीच्या दारात येऊन थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती. मी मान वर करून बघितलं. नाक जरा मोठं होतं. डाव्या भुवईत जुनी खोक होती. डोळे लाल झाले होते.

एरवी ते माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलत. तेव्हा म्हणाले, "खंय होतंस गो तू? खंय होतंस?"

मी म्हणाले, तुम्हीच मुंडू नेसलात. ते म्हणाले, म्हणून काय झालं. मी म्हणाले, मला पँट ठाऊक होती. ते खाली बसले आणि मुंडू नीट करायला लागले. सकाळपासून ते पुलापलीकडच्या पोलिस चौकीत होते. तोंडाने सांगून कोणाला कळेना, म्हणून त्यांनी अर्ज लिहिला होता. तीन पानी. त्यांचं अक्षर सोसायटीत नावाजलेलं. पण चौकीत मराठी वाचणारं कोणी नव्हतं. तीन पानं या टेबलावरून त्या टेबलावर फिरली, सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं आणि त्यांना चहा दिला.

ती पानं पोलिसाच्या हातात होती. तो तरुण आणि नेमाचा माणूस होता. वर्गीसमार्फत तो म्हणाला, अर्जावर शिक्का पडला आहे, बाई मिळाली असली तरी अर्जात काय आहे ते कळल्याशिवाय मी नोंद कशी करू? तुला मराठी वाचता येतं तर तू वाच, असं त्याने वर्गीसलाच सांगितलं.

यजमान उठले. "आता कशाला?" म्हणाले. "मिळाली ना? द्या तो कागद इकडे." आणि हात पुढे केला. पोलिसाने कागद मागे घेतला. सरकारी झाला होता तो. यजमानांच्या कपाळावर पुन्हा घाम आला. मला वाटलं, माझ्याबद्दल वाईटसाईट लिहिलं असेल, हयगय करते, वेंधळी आहे. ते ऐकायला मी तयार होते.

वर्गीस खुर्चीत बसला. त्याने अर्ज टेबलावर पसरला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत, खिळे उचलल्यासारखा, एका सुरात वाचायला लागला. आवाज खोलीत यायला हवा होता, तो बाहेरून आला. समोरचा माइक चालूच होता. कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, पण मला वाटलं, तिथली पद्धत असेल.

"मेहेरबान पोलिस अधिकारी साहेब यांस," अलेप्पीच्या दोन्ही काठांना ऐकू आलं. "विषय, पत्नी हरवल्याबाबत. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची पत्नी सौभाग्यवती सुहासिनी ही आज सकाळी धक्क्यावरून दिसेनाशी झाली आहे. वर्णन. उंची अर्जदाराच्या खांद्याइतकी. साडी हिरवी किंवा निळी. चेहरा नीटसा पाहण्याचा योग अद्याप आलेला नाही, तथापि चांगला असावा. शिक्षण..."

"बस, पुरे," यजमान म्हणाले.

वर्गीसचं बोट चालूच होतं. जुळवणारा माणूस ओळ अर्धी सोडत नाही. "शिक्षण चौथी पास असे सांगण्यात आले असले तरी प्रत्यक्षात अक्षरओळख नाही. सबब ती आपला पत्ता लिहून दाखवू शकणार नाही. तरी सापडल्यास तिला कोणीही काही वाचावयास अगर लिहावयास देऊ नये. ती घाबरते. अर्जदारास हे ठाऊक आहे हे तिला ठाऊक नाही. तरी ते कोणत्याही परिस्थितीत तिला कळू..."

बोट थांबलं. वर्गीसने पुढचा शब्द मनात वाचला. मग हळूच माझ्याकडे बघितलं, मग माइककडे, आणि त्याने खटका बंद केला.

बाहेर लोक आपापल्या बोटींत चढत होते. त्या गावातल्या हजारो माणसांनी माझं गुपित ऐकलं होतं आणि त्यांतल्या तिघांनाच ते कळलं होतं. तिघेही त्या खोलीत होते. पोलिस वर्गीसला विचारत होता, की काय लिहिलंय. वर्गीस म्हणाला असावा, की विशेष काही नाही, कारण पोलिसाने मान डोलावून वही काढली.

मी भिंतीला टेकले. "कधीपासून?" मी विचारलं.

यजमान मुंडूच्या काठाशी बोलल्यासारखं म्हणाले, "बघायला आलो तेव्हापासून."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या मामांनी. मुलगी चौथी पास आहे, हे त्यांनी कोणी विचारलं नसताना पाच वेळा सांगितलं. चहा देताना, पोहे देताना, विहीर दाखवताना. मग मी तुझ्या हाताकडे बघितलं. नाव लिहिताना त्याला एवढा घाम फुटला होता."

"मग बोलला का नाहीत? अकरा दिवस मी..."

"तू इतक्या मेहनतीने लपवत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, सवय होईल तशी तूच सांगशील. तोपर्यंत आपण वाचत राहावं."

केसरची ट्रंक इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे होती, ती कुठे गेली ते कळेना. मी म्हणाले, "राहाट मी बघून आलेय. चाकाला लोखंडी आस आहे. तुम्ही लिहून घ्या, मी सांगते."

ते पहिल्यांदा हसले. तेव्हा दिसलं की दातही जरा पुढे होते.

पोलिसाने वही उघडून माझ्यापुढे धरली आणि हातात पेन दिलं. बाई मिळाल्याची नोंद, त्याखाली बाईची सही पाहिजे. मी पेन घेतलं आणि नेहमीसारखी लाजायच्या तयारीला लागले. मग आठवलं की आता लाजायचं कारण राहिलं नाही. मी पेन परत केलं.

यजमानांनी वर्गीसला शाईचा पॅड मागितला. तिकिटांवर शिक्का मारायचा जांभळा पॅड होता. मी अंगठा बुडवला आणि वहीवर टेकवला. घाईत अंगठा सरकला, ठसा फिसकटला.

यजमान वाकून बघत होते. सोसायटीत दर शनिवारी ते काथ्या वळणाऱ्या चाळीस बायकांचे अंगठे घेत असत, आणि वाईट ठसा त्यांना बघवत नसे. "हा नाही चालायचा," ते कडक आवाजात म्हणाले. "रेघा दिसायला हव्यात. दे इकडे."

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला, मुंडूच्या टोकाने अंगठा पुसला, पॅडवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला आणि तसाच वहीवर टेकवला. पोलिस बघत होता, वर्गीस बघत होता, दाराशी बोटीची वाट बघणाऱ्या चारपाच बायका बघत होत्या. भर उजेडात, माणसांदेखत, नवऱ्याने माझा हात धरायची ती पहिली वेळ.

ठसा उत्तम उठला. पोलिसाने वही मिटून खिशात घातली, तरी त्यांनी हात सोडला नाही.